पुण्यातल्या फॅमिली डॉक्टरांना खुलं पत्र: हार्टची गोळी लिहिताना दोन मिनिटं जास्त द्या

नमस्कार डॉक्टर,

मी सिंहगड रोडला आतल्या गल्लीत मेडिकल चालवते. बी. फार्म झालंय, लायसन्स माझ्याच नावावर आहे, सकाळी शटर उघडल्यापासून रात्री बंद करेपर्यंत काउंटरवर बहुतेक वेळ मीच असते. हे पत्र कुणा एका डॉक्टरांसाठी नाहीये, पेठांमधल्या जुन्या दवाखान्यांपासून वाकड-वाघोलीच्या नव्या क्लिनिकपर्यंत जे जे फॅमिली डॉक्टर म्हणून बसतात त्या सगळ्यांसाठी आहे, कारण पुण्यात अजूनही माणूस पहिल्यांदा तुमच्याकडेच येतो, कार्डिऑलॉजिस्टकडे जातो ते बरंच नंतर, आणि कधी कधी तर थेट ॲम्ब्युलन्समधून.

मुद्दा सरळ सांगते. हार्ट अटॅक येऊ नये म्हणून तुम्ही कोलेस्टेरॉलची किंवा बीपीची गोळी लिहून देता, पण ती चालू ठेवायची की सोडायची हे तुमच्या केबिनमध्ये ठरत नाही. ते ठरतं माझ्या काउंटरवर, तळजाईच्या टेकडीवर सकाळी फिरताना, घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, नाहीतर लग्नात भेटलेल्या एखाद्या मावसभावाच्या सांगण्यावरून. आणि ठरवायला जी माहिती लागते ती बिचाऱ्याकडे नसतेच, त्याच्याकडे असते फक्त चिठ्ठी, त्यावर गोळीचं नाव आणि खाली घाईत लिहिलेलं डाएट, एक्सरसाइज.

पहिल्या महिन्यात लोक चिठ्ठीप्रमाणे सगळं नेतात. दुसऱ्या महिन्यात म्हणतात एकच पट्टी द्या, बघू. तिसऱ्या महिन्यात बीपीची तेवढी नेतात आणि कोलेस्टेरॉलच्या गोळीवर, रोसुव्हास्टॅटिनवर, बोट ठेवून म्हणतात ही राहू द्या ताई. का हो काका, विचारलं तर उत्तरं ठरलेली असतात, रिपोर्ट नॉर्मल आला की आता, सवय लागते म्हणे, लिव्हरवर येतं, मी रोज पर्वती चढतो मला काय गरज. रिपोर्ट नॉर्मल आला तो गोळीमुळे आला आणि गोळी थांबली की महिना-दीड महिन्यात एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, परत होतं तिथं जाऊन बसतं, हे मी सांगते तेव्हा समोरचा माणूस खरंच चकित होतो, म्हणजे हे त्याला पहिल्यांदाच कळत असतं. त्याला वाटलेलं असतं की हा अँटिबायोटिकसारखा कोर्स आहे, संपला की संपला. त्याला दोष कसा देणार, चिठ्ठीवर १ महिना लिहिलेलं होतं आणि त्याने १ महिना घेतली.

आणि ह्याच्या उलटेही तेवढेच आहेत. गोळी सुरू झाली म्हणजे आपलं काम झालं असं धरून चालणारे. आधी निदान सकाळी पाय मोकळे करायला बाहेर पडायचे, आता तेही बंद, सिगारेट तर चालूच, आणि रविवारी मिसळीवर जास्तीची तर्री घेताना म्हणतात गोळी आहे ना. मधुमेह असलेला, चाळिशी ओलांडलेला, पोट सुटलेला माणूस दर महिन्याला न चुकता गोळ्या नेतो आणि त्याच खिशात तंबाखूची पुडी असते.

ह्या दोन्ही लोकांना कुणीतरी असं शिकवलंय की गोळी आणि जीवनशैली ह्या समोरासमोरच्या पार्ट्या आहेत, एक निवडायची आणि दुसरीला नावं ठेवायची. टेकडीवाला गोळीवाल्याला म्हणतो तू कंपन्यांच्या नादी लागलास, गोळीवाला टेकडीवाल्याला म्हणतो चालून कुठं कोलेस्टेरॉल उतरतं का. माझं म्हणणं असं की हा वाद तुम्हीच संपवू शकता, दुसरं कुणी नाही, कारण दोघंही तुमचं ऐकतात.

आकडे तुम्हाला माहीतच आहेत, तरी लिहिते, कारण हे पत्र पेशंटही वाचणार आहेत. अमेरिकेत १९८० ते २००० ह्या २० वर्षांत हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं. हे कशामुळे झालं ह्याचा हिशोब २००७ साली छापून आला, त्यात साधारण ४७ टक्के श्रेय औषधं आणि उपचारांना होतं आणि ४४ टक्के श्रेय लोकांचं कोलेस्टेरॉल, बीपी, सिगारेट कमी झाल्याला आणि थोडं व्यायाम वाढल्याला. म्हणजे जवळपास अर्धं-अर्धं. आणि त्याच हिशोबात हेही होतं की लठ्ठपणा आणि डायबेटीस वाढल्यामुळे ह्या कमाईतला काही भाग परत गेला. इतका मोठा देश, इतका पैसा, इतकी औषधं, आणि तरी पोटाचा घेर वाढला की हातातलं निसटतं. मला तर ह्या एका हिशोबात अख्खा वाद मिटलेला दिसतो.

आता गोळीबद्दल खरं सांगायचं तर दोन वेगळ्या माणसांना दोन वेगळ्या गोष्टी सांगाव्या लागतात, आणि तिथंच गडबड होते. ज्याला अटॅक येऊन गेलाय, स्टेंट पडलाय, बायपास झालीये, त्याच्या बाबतीत चर्चेला जागाच नाही. १९९४ ला ४,४४४ पेशंटवर सिमव्हास्टॅटिन ह्या कोलेस्टेरॉलच्या गोळीचा अभ्यास झाला, फोर-एस नावाचा, हृदयविकार असलेली माणसं, पाच वर्षांच्या आसपास बघितलं, औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत १०० पैकी साडेअकरा गेले आणि औषधाची गोळी घेणाऱ्यांत आठ. हा फरक जिवंत माणसांचा आहे. अशा पेशंटने टेकडीवर कुणाचं तरी ऐकून गोळी सोडली की माझ्या पोटात गोळा येतो, आणि असे लोक आहेत डॉक्टर, स्टेंटची फाइल प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन येतात आणि म्हणतात आता बरं वाटतंय, रक्त पातळ करायचीच तेवढी द्या.

पण ज्याला अजून काहीच झालेलं नाहीये त्याच्याशी वेगळं बोलावं लागतं. २०१६ ला होप-३ नावाच्या अभ्यासाचे निकाल आले, २१ देशांतले १२,७०५ लोक, भारतातलेही होते, आधी हृदयविकार नव्हता, धोका मध्यम. रोसुव्हास्टॅटिन १० मिलिग्रॅमची दिली, साडेपाच वर्षांहून थोडं जास्त बघितलं. गोळी न घेणाऱ्या १,००० लोकांत ४८ जणांना अटॅक, पॅरालिसिस किंवा हृदयाशी संबंधित मृत्यू असं काहीतरी झालं, गोळी घेणाऱ्या १,००० लोकांत ३७ जणांना. म्हणजे हजारात ११ जण वाचले. पाव धोका कमी झाला असंही म्हणता येतं आणि साडेनऊशे लोकांना तसंही काही होणार नव्हतं असंही म्हणता येतं, दोन्ही खरं आहे. माझी विनंती एवढीच की दोन्ही सांगा. पुण्यातला माणूस बँकेत व्याजाचा हिशोब पैशापर्यंत करतो, एलआयसीच्या हप्त्याचा बोनस तोंडपाठ असतो, त्याला हजारात ११ कळतं. तुम्ही समजावून सांगितलंत तर कुणी म्हणेल हो द्या, कुणी म्हणेल आधी सहा महिने प्रयत्न करतो, आणि दोघंही आपल्या शब्दाला जास्त टिकून राहतील. न सांगता दिलेली गोळी तिसऱ्या महिन्यात सुटते, हे मी रोज बघतेय.

आता सहा महिने प्रयत्न म्हणजे नक्की काय, इथं तुमच्यावर थोडा राग आहे, मनापासून सांगते. तेल-तूप कमी, रोज ४५ मिनिटं चालणं, स्ट्रेस घेऊ नका, हे सगळ्यांना एकसारखं सांगितलं जातं. माझ्याकडे एक पोळ्यावाल्या मावशी येतात, सकाळी सहापासून चार-पाच घरांच्या पोळ्या, दिवसभर पायावर उभ्या, त्यांना कुणीतरी सांगितलं रोज चालायला जा. कुठल्या वेळेला? त्यांचं बीपी १५०-१६० च्या घरात असतं, आणि मी विचारलं तर कळलं की दोन्ही वेळच्या जेवणात भाजी कमी आणि लोणचं-पापड-खर्डा जास्त, कारण भाजी महाग आणि वेळ नाही, आणि सकाळी उठल्या उठल्या दाताला मिश्री. त्यांना चालण्यापेक्षा मीठ आणि मिश्री ह्या दोन गोष्टी सांगायला हव्या होत्या. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ सांगते, म्हणजे सपाट चमचाभर, सगळं धरून. मावशींचं एका पापडात आणि लोणच्याच्या फोडीतच त्यातलं बरंच संपतं. आणि दुसरीकडे हिंजवडीला जाणारा पोरगा, बत्तीस-तेहेतीसचा, जाता-येता मिळून तीन तास गाडीत, रात्री अकराला जेवण मागवतो, त्यालाही तेच, रोज ४५ मिनिटं चाला. त्याच्यासाठी रात्रीच्या जेवणाची वेळ आणि आठवड्याचे दोन-तीन दिवस घरचा डबा ह्यावर बोलायला हवं होतं.

मिश्रीचं मुद्दाम लिहिलं. बायकांना तंबाखूबद्दल विचारतच नाहीत कुणी. पुरुषाला विचारतात सिगारेट ओढता का, आणि बाईला विचारतात ताण आहे का. चघळायच्या तंबाखूनेही हार्ट अटॅकचा धोका वाढतो, हे इंटरहार्ट नावाच्या मोठ्या अभ्यासात दिसलंय, ५२ देशांतला तो, २००४ ला आलेला. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे पण मिश्री घरातच भाजली जाते, ती बंदीत कशी येणार. सोडली तर फायदा लगेच सुरू होतो, सिगारेटवाल्यांमध्ये तर एका वर्षात जास्तीचा धोका निम्म्यावर येतो, इतकं स्वस्त औषध माझ्या अख्ख्या दुकानात नाहीये. तुम्ही एकदा गंभीरपणे म्हणालात की मावशी मिश्री सोडा, हृदयाला त्रास होतोय, तर त्या माझ्या दहा वेळा सांगण्यापेक्षा जास्त ऐकतील.

खाण्याचा परिणाम किरकोळ असतो असं समजणाऱ्यांनी १९९७ चा डॅशचा अभ्यास आठवावा. फळं, भाज्या, कमी फॅटचं दूध-दही, चरबी कमी, एवढंच बदललं, वजनही मुद्दाम कमी केलं नाही, आणि बीपी असलेल्या लोकांचं वरचं बीपी साधारण ११ ने उतरलं, म्हणजे एका गोळीएवढं. वजन १ किलो उतरलं की बीपी साधारण १ पॉइंटने उतरतं. पण एलडीएलचं तसं नाही, तेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. खाण्या-चालण्याने एलडीएल पाच-दहा, फार तर पंधरा टक्के उतरतं आणि रोसुव्हास्टॅटिन १० ने साधारण ४५ टक्के. त्यामुळे ज्याचं एलडीएल १९० च्या वर आहे, वडिलांना पन्नाशीच्या आत अटॅक आलेला, त्याला सहा महिने ओट्स खाऊन बघा म्हणणं म्हणजे त्याचे सहा महिने वाया घालवणं. त्याचा आजार रक्तातूनच आलेला असतो, अडीचशे माणसांत एकाच्या आसपास अशी घराणी असतात, आणि त्यांच्या पोरांचीही तपासणी व्हायला हवी. हे किती वेळा चिठ्ठीवर दिसतं?

डायबेटीसचंही बघा. अमेरिकेतल्या २००२ च्या अभ्यासात डायबेटीस व्हायच्या बेतात असलेल्यांमध्ये जीवनशैलीच्या बदलाने ५८ टक्के धोका कमी झाला आणि मेटफॉर्मिन ह्या शुगरच्या गोळीने ३१ टक्के. मग २००६ ला चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या टीमने आपल्या लोकांवर तसंच करून बघितलं तर जीवनशैलीने २८.५ टक्के, मेटफॉर्मिनने २६.४ आणि दोन्ही एकत्र देऊन २८.२. म्हणजे आपल्याकडे दोन्ही जवळपास सारखे पडले आणि एकत्र करूनही जास्तीचं काही हाती लागलं नाही. त्यामुळे तिकडचे आकडे जसेच्या तसे आपल्या पेशंटला लावू नयेत, आपलं शरीर थोडं वेगळं आहे. आणि हे तर पुण्यातूनच जगाला कळलंय. केईएमच्या डॉ. याज्ञिकांचा आणि त्यांच्या लंडनच्या मित्राचा तो फोटो तुम्ही पाहिलाच असेल, २००४ ला लॅन्सेटमध्ये आलेला, दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, २२.३, पण एकाच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांच्या अंगात २१.२ टक्के. दिसायला दोघंही सडपातळ. माझ्याकडे कमरेचा पट्टा शेवटच्या भोकाला लावणारे पण हातापायाने काडी असलेले किती पुरुष येतात, आणि सगळे म्हणतात मी कुठं जाड आहे. त्यांना वजनकाट्याऐवजी शिंप्याची टेप दाखवा. दक्षिण आशियात पहिला अटॅक येण्याचं वय साधारण ५३ निघालं आणि इतर देशांत ५९ च्या आसपास, ह्याचा अर्थ आपल्याकडे चर्चा चाळिशीतच व्हायला हवी, साठीच्या पार्टीनंतर नाही.

आता पाय दुखण्याचं. स्टॅटिन, म्हणजे रोसुव्हास्टॅटिनसारख्या कोलेस्टेरॉलच्या गोळ्या, सोडणाऱ्यांचं हे एक नंबरचं कारण. पोटऱ्या दुखतात, मांड्या भरून येतात, गळून गेल्यासारखं वाटतं. मी हे कधीच उडवून लावत नाही, कारण काही जणांना खरंच स्नायूंचा त्रास होतो, क्वचित गंभीरही, आणि लघवी चहासारखी काळपट झाली तर त्याच दिवशी तुमच्याकडे पाठवते. पण २०२० ला लंडनमध्ये सॅमसन नावाचा छोटा पण फार चांगला अभ्यास झाला. त्रास होतो म्हणून स्टॅटिन सोडलेले ६० लोक घेतले, वर्षभर काही महिने स्टॅटिन, काही महिने दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी आणि काही महिने काहीच नाही असं आलटून पालटून दिलं, आणि रोज फोनवर त्रासाला मार्क द्यायला सांगितलं. काहीच न घेता सरासरी ८ मार्क, खोट्या गोळीला १५.४ आणि खऱ्या गोळीला १६.३. म्हणजे त्रास खरा होता, पण त्यातला बहुतेक भाग गोळी घेतोय ह्या भीतीतून येत होता. आणि हे त्यांना त्यांच्याच मार्कांवरून दाखवलं तेव्हा निम्म्या लोकांनी गोळी परत सुरू केली. मला ह्यातली समजूत घालायची पद्धत फार आवडते. कुणी कुणाला वेड्यात काढलं नाही, तुमचेच आकडे बघा म्हटलं. तुम्हीही पाय दुखतात म्हणणाऱ्याला हसून परत तीच गोळी लिहू नका, दोन आठवडे थांबवा, परत द्या, डोस कमी करा, दिवसाआड द्या, दुसरं स्टॅटिन द्या, ह्यातलं काहीतरी होतं. तो माणूस तुमच्याकडे परत आलाय हीच मोठी गोष्ट आहे, बाकीचे न सांगताच सोडतात.

शुगरचीही भीती खरी आहे, थोडी वाढते, विशेषतः जे आधीच काठावर आहेत त्यांची. लपवू नका. लपवलं की व्हॉट्सॲप सांगतं, आणि ते अर्धंच सांगतं.

ॲस्पिरिनबद्दल तर मला हात जोडून सांगायचंय. पुण्यात ७५ ची ॲस्पिरिन लोक व्हिटॅमिनसारखी मागतात. पन्नाशी झाली की रक्त पातळ ठेवायला रोज एक, असं कुठल्या तरी काळात डॉक्टरांनीच सांगितलं होतं आणि ते अजून चालू आहे. ज्यांना हृदयविकार नाही अशा लोकांवर २०१८ मध्ये तीन मोठे अभ्यास आले, आणि फायदा फारसा नाही किंवा जो आहे तो रक्तस्रावाने खाऊन टाकला असं निघालं. २०२२ ला अमेरिकेच्या तज्ज्ञ समितीने साठीच्या पुढच्यांना हे नव्याने सुरूच करू नका म्हणून सांगितलं. आपल्याकडे तर एकाच कॅप्सूलमध्ये रोसुव्हास्टॅटिन, ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल हे रक्त पातळ करायचं दुसरं औषध, तिन्ही असतात. परवा एक बाई रिकामी पट्टी घेऊन आल्या, कैचीने कापलेली, त्यावर तारीखही राहिली नव्हती, म्हणाल्या हीच द्या, भावाला चालते, त्याची अँजिओप्लास्टी झालीये, मला पण छातीत धडधडतं. चिठ्ठी नाही, ईसीजी नाही, पूर्वी कधी अल्सर झाला होता हे बोलता बोलता निघालं. मी दिली नाही, तर रागावून समोरच्या दुकानात गेल्या. ज्यांना स्टेंट आहे त्यांनी माझं हे वाचून ॲस्पिरिन अजिबात थांबवू नये, तुमची गोष्ट वेगळी आहे. पण डॉक्टर, ज्यांना गरज नाही त्यांची जुन्या चिठ्ठीवरून चालू असलेली ॲस्पिरिन तुम्हीच एकदा बघून काढून टाका. तुम्ही काढलीत तर ते ऐकतात, मी नाही म्हटलं तर दुसरं दुकान आहेच.

हर्बलचंही असंच. स्टॅटिन नको, केमिकल आहे, म्हणून ऑनलाइन कॅप्सूल मागवतात, आणि डबीवर रेड यीस्ट राइस लिहिलेलं असतं. त्यात जे काम करतं ते लोव्हास्टॅटिनच आहे, तेच, १९८७ ला अमेरिकेत मंजूर झालेलं पहिलं स्टॅटिन. म्हणजे स्टॅटिन टाळायला स्टॅटिनच घेतायत, फक्त किती मिलिग्रॅम ते कुणालाच माहीत नाही. प्रत्येक पेशंटला विचारा, अजून काय काय घेता, चूर्ण, काढा, कॅप्सूल सगळं. आणि सर्दी-खोकल्याला क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक लिहिण्याआधी स्टॅटिन चालू आहे का एवढं बघा, काही स्टॅटिनबरोबर ते जमत नाही. आणि तिशीतल्या मुलींना, ज्यांचं मूल व्हायचंय, त्यांना स्टॅटिन चालू असेल तर प्लॅनिंगच्या आधी येऊन भेटा हे सांगून ठेवा.

पैशाचं एकदा स्पष्ट लिहिते, माझ्या धंद्याच्या विरोधात असलं तरी. ॲटोरव्हास्टॅटिन सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, जन औषधीत तर फारच स्वस्त मिळतं. महागडा ब्रँड लिहिला की रिटायर्ड माणूस दिवसाआड घेतो आणि तुम्हाला सांगत नाही. हे आयुष्यभर घ्यायचं औषध आहे, पुढची वीस वर्षं परवडेल असं लिहा.

तर मागणं काय आहे माझं. चिठ्ठीच्या खाली मराठीत दोन-तीन ओळी. ही गोळी कशासाठी आहे, किती वर्षं घ्यायचीये, लिपिड, म्हणजे कोलेस्टेरॉलची तपासणी, परत कधी करायची आणि त्यात एलडीएल किती यायला हवं. आपल्या कार्डिऑलॉजिकल सोसायटीने २०२४ ला भारतासाठी आकडे दिलेत, कमी धोका असेल तर एलडीएल १०० च्या खाली, जास्त धोका असेल तर ७० च्या खाली, आणि अगदी जास्त असेल तर ५५ च्या खाली. पेशंटला स्वतःचा आकडा माहीत असायला हवा, शुगरचा असतो ना तसा. आणि त्याच सोसायटीने लायपोप्रोटीन-ए, म्हणजे रक्तातला एलडीएलसारखाच, घराण्यातून येणारा एक घटक, एकदा तरी तपासा असंही सांगितलंय, घरात लवकर अटॅक आले असतील तर नक्कीच. त्यासोबत जीवनशैलीची एकच गोष्ट लिहा, त्या माणसाची, सगळ्यांसाठी छापलेली नको. मावशींसाठी मिश्री, आयटीवाल्यासाठी रात्रीचं जेवण, काकांसाठी घरात महिन्याला येणारं तेल आणि माणसं किती ह्याचा हिशोब. पुढच्या वेळी त्याच गोष्टीबद्दल विचारा. जमलं असेल तर शाबासकी द्या, आपल्याकडे डॉक्टरांनी चांगलं म्हटलं ह्याला फार किंमत आहे.

आणि ज्याला गोळी नकोय त्यालाही चिठ्ठी द्या. तोंडी सांगू नका. गोळी नको, अमुक करा, अमुक महिन्यात परत या, असं सहीनिशी लिहून द्या. नुसतं बघू म्हटलं की तो माणूस चार वर्षांनी येतो.

तुमच्याकडे वेळ नसतो हे मला दिसतं. बाहेर पंधरा-वीस जण बसलेले असतात, त्यात तापाची लहान मुलं असतात. म्हणून माझ्या बाजूने काय करता येईल ते सांगते. माझ्या काउंटरवर बीपीचं मशीन आहे, दंडाला लावायचं, मनगटाचं नाही, कुणालाही बसवून पाच मिनिटं शांत झाल्यावर फुकट बघून देते आणि वहीत तारखेसह लिहून देते, ती वही तुमच्याकडे घेऊन जा असं सांगते. ज्याची महिन्याची गोळी न्यायची तारीख उलटून गेली त्याला मी फोन करते, तुमची परवानगी असेल तर तुम्हालाही कळवेन. आणि एक अर्ध्या पानाचा कागद मी छापून घेतलाय, वरती कशासाठी, किती वर्षं, पुढची तपासणी, एलडीएलचा आकडा, आणि खाली ह्या वेळची एक गोष्ट अशी मोकळी जागा, सगळं मराठीत. भरायला मिनिटभर लागतं. सिंहगड रोड, धायरी, आनंदनगर, वडगाव ह्या भागातल्या कुठल्याही दवाखान्याने कंपाउंडरला पाठवून शंभर-दोनशे घेऊन जावेत, पैसे नकोत. काही बदल सुचवायचा असेल तर त्याच कागदावर लिहून परत पाठवा, दुसरी छपाई दिवाळीआधी करायचीये.

आपली,
सिंहगड रोडवरची एक औषध दुकानदार